बुडीत न गेलेले वर्ष

परळच्या के. ई. एम. रुग्णालयासमोरून जाताना माझी नात लहानपणी म्हणत असे, ‘‘आजोबा, मी इथेच शिकणार.’’ त्या आवारातील शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय १९२६ साली सुरू झाले. तेथील अध्यापक भारतीयच असावेत, अशी अट देणगी देणाऱ्यांनी घातली होती. ही हकिगत मीच तिला अनेकदा सांगितली होती.

५ मे २०२४ रोजी तिने नीट दिली. गुण कमी पडले. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यायची, असे घरात ठरले. रात्री जेवताना माझ्या तोंडून निघून गेले, ‘‘म्हणजे हे वर्ष बुडीत खाती!’’ सारा जन्म कर्जखाती तपासण्यात गेलेल्या माणसाची ही भाषा. ती काही बोलली नाही. आमच्या घरी ताटात अन्न टाकत नाहीत. त्या रात्री तिने टाकले.

पुढचे दोन महिने पेपरफुटीच्या बातम्यांत आणि फेरपरीक्षेच्या आशेत गेले. २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने फेरपरीक्षा नाकारली. मग कुठे ती अभ्यासाला बसली. पण मन थाऱ्यावर नव्हते. भाद्रपदात लालबागच्या आमच्या घरी गणेशोत्सवाची गर्दी आणि ध्वनिक्षेपक, म्हणून ती दादरच्या एका अभ्यासिकेत जाई. त्याच दिवसांत दशलक्षण पर्व होते. क्षमावणीला मी जगाची क्षमा मागितली आणि शेवटी तिच्यापुढे हात जोडले. ‘‘ते वाक्य माझे चुकले, बाळ.’’ तिला रडू कोसळले. म्हणाली, ‘‘आजोबा, मलाही तसेच वाटत होते.’’

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघे सराव-परीक्षांच्या उत्तरपत्रिका घेऊन बसू लागलो. मला जीवशास्त्र येत नाही. ताळमेळ घालता येतो. प्रत्येक चुकीची नोंद वहीत तीन रकान्यांत केली : विषय न समजल्याने, प्रश्न घाईने वाचल्याने, अंदाजाने. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीला १ वजा. म्हणजे एका चुकीने ५ गुणांचा फरक. महिनाभरात दिसले की तिच्या निम्म्याहून अधिक चुका घाईच्या होत्या. ज्ञान होते, धीर नव्हता. त्यासाठी अधिक पुस्तके नकोत, प्रतिक्रमण हवे : रोज आपला दोष पाहायचा, कबूल करायचा, पण स्वतःला शिक्षा करीत बसायचे नाही. अभ्यासाची बैठकही तिने सामायिकाएवढी, ४८ मिनिटांची ठेवली.

जानेवारी २०२५ मध्ये नियम बदलले. ऐच्छिक प्रश्न गेले, वाढीव २० मिनिटे गेली. ३ तासांत १८० प्रश्न, सर्व अनिवार्य. घरचे घाबरले. तिने वही उघडली आणि वेळेची नवी विभागणी मांडली.

रविवारी सकाळी मी टाटा रुग्णालयापाशी जाऊन रुग्णांच्या नातेवाइकांना मदतनिधीचे अर्ज भरून देतो. हिवाळ्यापासून तीही दोन तास येऊ लागली. ‘‘याने गुण वाढतील का?’’ तिच्या वडिलांनी विचारले. प्रश्न रास्त होता. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशाच्या अर्जात अशी सेवा जमेस धरतात. आपल्याकडे केवळ गुणवत्ताक्रम पाहतात. मी म्हणालो, ‘‘एकही नाही.’’ पण पदपथावर चादर अंथरून झोपलेल्या कुटुंबाशी बोलून आल्यावर ‘मला डॉक्टर का व्हायचे?’ हा प्रश्न तिने मला पुन्हा विचारला नाही.

एक करार मात्र आधीच केला होता : दुसरे वर्ष थांबायचे नाही. फिजिओथेरपी आणि बी.एस्सी. हे मार्ग तिने स्वतः पाहून ठेवले होते. तोट्याची मर्यादा ठरलेली असली की माणूस निर्भयपणे काम करतो.

४ मे २०२५ च्या परीक्षेत भौतिकशास्त्र फार कठीण आले. तरीही तिचा क्रमांक वर सरकला. परळ नाही, मुंबईपासून रात्रभराच्या प्रवासावरील एका शासकीय महाविद्यालयात तिला जागा मिळाली.

जागा मिळाली नसती तर हा लेख मी लिहिला असता का? खरे सांगायचे तर, कदाचित नाही. म्हणूनच ज्यांच्या घरी आज असे वर्ष चालू आहे, त्यांना एवढीच विनंती : हिशेब मुलांच्या चुकांचा ठेवा, मुलांचा नको.

ती वही तिने सोबत नेली नाही. माझ्या कपाटात आहे. शेवटच्या पानावर, ‘घाई’च्या रकान्यात, तिने माझे ते वाक्य लिहून ठेवले आहे.