चार दिवसांची सहल आणि आंबवणीचे पाणी

शेतकऱ्याच्या घरात सहलीचा बेत ठरणे सोपे नसते. नोकरदार माणूस रजेचा अर्ज देतो आणि मोकळा होतो. गोठ्यातल्या गाईकडे मात्र अर्ज देता येत नाही. ती सकाळी सहाला हंबरते म्हणजे हंबरतेच, मग घरात लग्न असो की सुतक.

नाशिक जिल्ह्यात सटाण्याजवळच्या एका खेड्यात राहणाऱ्या आजी-आजोबांचेही असेच होते. सहा एकर जमीन, एक विहीर, दोन गाई आणि बांधावरची चार आंब्याची झाडे. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी नाशिकला दिलेली. मुलगा दरवर्षी म्हणायचा, "अण्णा, या वर्षी कुठेतरी जाऊ या." आणि आजोबांचे उत्तर ठरलेले असायचे, "एवढा कांदा निघू दे, मग बघू."

कांदा निघायचा, पण मग मका पेरायचा असायचा. अशी बारा वर्षे गेली.

या वेळी नाताळच्या सुटीत मात्र नातवंडांनीच आघाडी उघडली. मुलाची दोन मुले, म्हणजे दहा वर्षांची नात आणि सात वर्षांचा धाकटा, आणि मुलीचा तेरा वर्षांचा थोरला नातू असे तिघे खळ्यात ठिय्या देऊन बसले. शेवटी आजीच म्हणाल्या, "अहो, आपले गुडघे चालताहेत तोवर नर्मदामाई तरी बघून येऊ."

शेजारच्या मळ्यातल्या पुतण्याने गाईंची आणि पाण्याची जबाबदारी घेतली. निघण्याच्या दोन दिवस आधी अर्ध्या एकरात कांद्याची लागवड झाली होती. चौथ्या दिवशी त्या रोपांना आंबवणीचे पाणी द्यायचे होते. नव्याने लावलेले रोप जमिनीत मुळी धरते ते या दुसऱ्या पाण्यावरच. आजोबांनी पुतण्याला हे तीनदा सांगितले आणि गाडीत बसल्यावर चौथ्यांदा फोन केला.

तापी ओलांडून सातपुड्याकडे

सकाळी सहाला मुलाची सात आसनी गाडी निघाली. मालेगावला मुंबई-आग्रा महामार्ग लागला. आजीने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि मिरचीचा ठेचा बांधून घेतला होता. धाकट्याला गाडी लागते म्हणून आवळासुपारीची डबीही हाताशी होती. धुळे मागे पडले आणि सोनगीरचा किल्ला दिसू लागला. या गावच्या तांब्या-पितळेच्या भांड्यांची खानदेशात ख्याती आहे. आजींच्या माहेरचा हंडा इथलाच, म्हणून त्यांनी गाडीतूनच गावाला हात जोडले.

शिरपूरच्या अलीकडे तापी लागते. इथे मुलाने नातवंडांना 'शिरपूर पॅटर्न'ची गोष्ट सांगितली. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांच्या मार्गदर्शनाखाली या तालुक्यात २००४ पासून नाले रुंद आणि खोल करण्याचे, त्यांवर सिमेंटचे बंधारे घालण्याचे काम झाले. पावसाचे पाणी वाहून न जाता जमिनीत मुरावे, विहिरींना उतरावे, हा त्यामागचा विचार.

"आपल्या शेततळ्यासारखं?" नातीने विचारले.

"आपल्या शेततळ्यात पाणी कमी आणि गाळच जास्त," आजोबा म्हणाले. ओहोळाचे पाणी घेण्यासाठी खोदलेले त्यांचे शेततळे दर पावसाळ्यात गाळाने भरत असे. दोनदा उपसून झाले, तिसऱ्यांदा त्यांनी नाद सोडला होता.

पळासनेरच्या पुढे सातपुड्याचा घाट सुरू होतो. बिजासनी मातेच्या मंदिरापाशी मालमोटारींच्या रांगा लागल्या होत्या. सेंधव्याला चहा झाला. पुढे निमाडची सपाट, काळी जमीन सुरू झाली आणि आजोबा खिडकीला चिकटून बसले. नातवंडे माकडे मोजत होती, आजोबा कापसाची शेते. खलघाटच्या पुलावर नर्मदेचे रुंद पात्र दिसले, तेव्हा मात्र गाडीतले सगळेच गप्प झाले. पूल ओलांडून धामणोदला वळले की महेश्वर तेरा-चौदा किलोमीटरवर आहे. मालेगावपासून हा सारा प्रवास सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा.

अहिल्याबाईंच्या गावात

महेश्वरच्या घाटावर मराठी माणसाला परके वाटत नाही. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील चौंडी गावी १७२५ साली जन्मलेली एक मुलगी होळकरांची सून झाली. १७५४ मध्ये कुंभेरच्या वेढ्यात तिचे पती खंडेराव मारले गेले. १७६६ मध्ये सासरे मल्हारराव गेले आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, तिने राज्य सांभाळले. तेही याच महेश्वरातून. होळकरांची राजधानी इंदूरला गेली ती पुढे १८१८ मध्ये.

किल्ल्यातला राजवाडा पाहून धाकटा हिरमुसला. "हा वाडा? हा तर आपल्या गावच्या पाटलांच्या वाड्यासारखा आहे!" त्याचे खरेच होते. लाकडी खांब, साधे अंगण, पांढरी बैठक. आजी म्हणाल्या, "बाळा, तिने पैसा वाड्यात नाही घातला, घाटांत आणि विहिरींत घातला." काशीपासून रामेश्वरपर्यंत अहिल्याबाईंनी देवळे, घाट, धर्मशाळा, विहिरी आणि बारवा बांधल्या. वाटसरूला पाणी मिळावे ही त्यामागची दृष्टी होती.

इथले विणकरही त्यांनीच आणून वसवले. आजीने एका मागावरची महेश्वरी साडी हातात घेऊन पाहिली. सूत आणि रेशीम यांची हलकी वीण आणि दोन्ही बाजूंनी नेसता येणारा काठ. किल्ल्याच्या भिंतींवरचे कोरीव नक्षीकाम या काठांमध्ये उतरले आहे, हे विणकराने दाखवले तेव्हा नात धावत जाऊन भिंतीवर तीच नक्षी शोधून आली. सुनेने सासूसाठी निळ्या काठाची साडी घेतली. "शेतात का नेसू ही?" म्हणत आजींनी ती दोनदा परत केली आणि तिसऱ्यांदा पिशवीत ठेवली.

संध्याकाळी घाटावर दिवे सोडून झाले. आजोबांनी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले आणि हळूच मोबाइल काढला. "आंबवणी झाली का रे?" पलीकडून पुतण्या म्हणाला, "होते काका, काळजी करू नका." 'झाली' आणि 'होते' यांतला फरक आजोबांच्या ध्यानात आला, पण ते बोलले नाहीत.

मांडूची गोरखचिंच आणि वेटोळी पन्हळ

महेश्वरहून मांडू सुमारे चाळीस किलोमीटर. घाट चढून वर गेले की जाडजूड खोडांची विचित्र झाडे दिसू लागतात. नातवंडांना ती झाडे उलटी रोवल्यासारखी वाटली. आजोबांनी मात्र लगेच ओळखले, "ही गोरखचिंच." मूळची आफ्रिकेतली ही झाडे मांडूत शेकडो वर्षे उभी आहेत. त्यांची भोपळ्यासारखी फळे रस्त्याकडेला 'मांडू की इमली' म्हणून विकायला असतात. आतला पांढरा, कोरडा गर तोंडात विरघळला आणि तिन्ही नातवंडांचे चेहरे एकदम आंबट झाले.

रूपमतीच्या मंडपातून हवा स्वच्छ असेल तर दूर निमाडच्या मैदानात नर्मदा रेघेसारखी दिसते. नर्मदेचे दर्शन झाल्याशिवाय राणी रूपमती अन्न घेत नसे, अशी कथा आहे. १५६१ मध्ये अकबराच्या फौजेने बाजबहादूरचा पराभव केला आणि तिच्या गाण्याचे दिवस संपले. आजी ही गोष्ट ऐकून बराच वेळ कठड्याशी उभ्या होत्या.

आजोबांचे मन मात्र जहाज महालात रमले. मुंज तलाव आणि कपूर तलाव यांच्या मधोमध, सुमारे ११० मीटर लांबीची ही इमारत पाण्यात उभ्या असलेल्या गलबतासारखी दिसते. गियासुद्दीन खिलजीच्या काळातली, म्हणजे पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मांडूच्या पठारावर नदी नाही. इथल्या वस्तीला मोठा आधार पावसाच्या पाण्याचाच. म्हणून छतावर पडलेले पाणीही वाया जाऊ न देता हौदांत आणि तलावांत उतरवले जाई.

गच्चीवरच्या हौदाशी दगडात कोरलेली एक पन्हळ आहे. ती सरळ जात नाही, गोगलगाईच्या पाठीसारखी वेटोळी घेत जाते. मार्गदर्शकाने सांगितले, पाणी असे फिरत गेले की त्याचा वेग मोडतो आणि माती-कचरा वाटेतच खाली बसतो.

आजोबा तिथे खाली बसले. त्यांनी बोट त्या दगडी वेटोळ्यातून फिरवले, एकदा, दोनदा. मग म्हणाले, "पाचशे वर्षांपूर्वीच्या माणसाला कळलं, ते मला तळं दोनदा उपसूनही कळलं नाही."

त्याच संध्याकाळी फोन आला. पुतण्याचा आवाज पडलेला होता. ते निघाले त्याच रात्री शिवारातली डीपी जळाली होती. दुरुस्त होईल या आशेने त्याने कळवले नव्हते. आता उद्या वीज येणार होती, पण रात्रीच्या पाळीची. आणि साऱ्या शिवारालाच तहान लागली होती. "माझेही दोन एकर आहे, काका. मी एकटा किती ठिकाणी पुरणार?"

दुसऱ्या दिवशी इंदूरला जायचे ठरले होते. सराफ्यातली खाऊगल्ली, भुट्ट्याचा कीस, गरम जिलेबी यांची यादी धाकट्याने वहीत लिहून ठेवली होती. जेवताना कोणी काही बोलेना. मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "अण्णा, किती दिवस असं धावायचं? शेत अर्धेलीने देऊन टाका. तुम्ही दोघं पुण्याला चला." आजोबांनी उत्तर दिले नाही.

बोलला तो थोरला नातू. "आजोबा, आपण सकाळी निघालो तर रात्रीच्या पाण्याला पोहोचू ना?"

धाकट्याने वही मिटली. "इंदूर पुढच्या वर्षी," तो म्हणाला आणि डोळे पुसले.

रात्रीची पाळी

दुपारी तीनला गाडी खळ्यात आली. गाईने आवाज ओळखून हंबरडा फोडला. परक्या हाताला तिने निम्मेच दूध दिले होते. आजींनी प्रवासाची साडी बदलली आणि त्या थेट गोठ्यात गेल्या. आजोबा वाफ्यांकडे गेले. कांद्याची पात माना टाकून पडली होती. वरच्या अंगाचे काही वाफे तर पिवळे पडले होते. आजोबांनी दोन-चार रोपे उपटून मुळ्या पाहिल्या. "तीन हिश्शांत जीव आहे," ते म्हणाले.

रात्री दहाला वीज आली. थंडी मी म्हणत होती. आजोबांनी कानाला मफलर गुंडाळला, मुलाने वडिलांचे जुने बूट घातले आणि फावडे घेतले. पंधरा वर्षांनी तो दारे धरत होता. पहिल्या दोन वाफ्यांत त्याला अंदाज येईना. पाणी फुटून सरीबाहेर गेले. "दारं आधी अर्धंच फोड," आजोबा म्हणाले, "पाण्याला घाई करू देऊ नको." थोरला नातू बॅटरी धरून बांधावर उभा होता. वाफा भरत आला की तो ओरडे, "भरला!" आणि मुलगा एक दार लावून दुसरे उघडी. पहाटे चारला शेवटचा वाफा भिजला.

सकाळी नात आणि धाकटा उठले तेव्हा त्यांच्यासाठी वेगळे काम होते, नांगे भरण्याचे. जिथे रोप मेले तिथे गादीवाफ्यातले शिल्लक रोप आणून लावायचे. आजींनी जुडी कशी धरायची, अंगठ्याने रोप कसे दाबायचे ते दाखवले. धाकट्याने पहिली दहा रोपे इतकी खोल लावली की आजी हसून म्हणाल्या, "अरे, कांदा लावतो आहेस की खांब रोवतो आहेस?" संध्याकाळपर्यंत पिवळे वाफे पुन्हा हिरवे दिसू लागले. साधारण पाव हिस्सा उत्पन्न घटणार हे आजोबांना कळत होते, आणि त्यांनी ते मुलांपासून लपवलेही नाही.

सुटीचे तीन दिवस उरले होते. नातीने वहीतले एक पान पुढे केले. तिने मांडूची ती वेटोळी पन्हळ काढून आणली होती. मग सगळे शेततळ्याकडे गेले. ओहोळाचे पाणी तळ्यात शिरते त्या तोंडाशी सहा फूट लांब, चार फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घेतला आणि त्याच्याकडे जाणारी चारी मुद्दाम वळणे घेत काढली. कडांना दगड लावले. गाळ खड्ड्यात बसेल आणि वरचे पाणी तळ्यात जाईल. खड्डा उपसणे एका माणसाचे दोन तासांचे काम, तळे उपसण्यासारखे नव्हे.

मुले पुण्याला आणि नाशिकला गेली. निघताना मुलाने अर्धेलीचा विषय काढला नाही. फक्त म्हणाला, "अण्णा, एप्रिलमध्ये कांदा काढायला मी चार दिवस येतो. रजा टाकतो."

जूनमध्ये पहिला मोठा पाऊस पडला त्या रात्री पुण्याहून फोन आला. "आजोबा, पाणी फिरून गेलं का?"

आजोबा छत्री घेऊन तळ्यावर जाऊन आले होते. पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने भरले होते. "गेलं," ते म्हणाले. "खड्ड्यात हातभर गाळ बसलाय. उपसायला ये."