शाळेचा पैसा आणि पालकांचा हिशोब



आमच्या तिसगाव परिसरात गावोगावी हरिनाम सप्ताह होतो. वर्गणी किती जमली, महाप्रसादाला किती लागली, हे माइकवर वाचून दाखवतात. त्यात कुणालाच अपमान वाटत नाही. मग शाळेचा हिशोब मागितला की "विश्वास नाही का आमच्यावर?" असं का ऐकावं लागतं?

पैसा सरकारचा आणि कारभार संस्थेचा, ही रचना जगात इतरत्रही आहे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात 1991 मध्ये चार्टर शाळांचा पहिला कायदा झाला. आपल्या अनुदानित शाळा साधारण त्याच जातीच्या. आपली पद्धत तर आणखी जुनी. 1854 च्या वुडच्या खलित्यात खासगी शाळांना अनुदान सुचवलं होतं, पण सरकारी तपासणीच्या अटीवर.

तपासणी ढिली पडली की काय होतं, ते 2011 मध्ये दिसलं. 3 ते 5 ऑक्टोबरला राज्यभर पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावून मोजणी केली. हजारावर शाळांत पटावरची निम्मी मुलंसुद्धा हजर नव्हती. आता बघा, शिक्षकांची पदं, पोषण आहाराचा तांदूळ, अनुदान, सगळं पटावर ठरतं. खोट्या नावावर गेलेला पैसा खऱ्या मुलाच्या वाट्यातून जातो.

म्हणूनच 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आली. तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला. अनुदान कसं खर्च होतं यावर लक्ष ठेवणं हे समितीचं काम. पण 2012 च्या दुरुस्तीने अनुदानित शाळांतली समिती फक्त सल्ला देणारी झाली. म्हणजे पगार जनतेच्या करातून आणि पालकांच्या हाती मात्र सल्ला! मला हे पटत नाही.

तरी मार्ग बंद नाही. सरकारी अनुदानावर चालणारी शाळा माहिती अधिकाराखाली येते. दहा रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मिळायला हवं. प्रवेशासाठी देणगी मागणं तर कायद्याने गुन्हाच आहे.

अडचण वेगळीच आहे. आमच्या पाथर्डी तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. ज्यांच्या लेकरांना या पैशाची जास्त गरज, तेच पालक बैठकीला नसतात. त्यांच्या वतीने गावात राहिलेल्यांनी विचारायला नको का?

पालकांनो, पुढच्या बैठकीत तीनच प्रश्न विचारा. यंदा किती पैसे आले? कशावर खर्च झाले? पावत्या कुठे आहेत? आणि शिक्षक बंधू-भगिनींनो, कुणी विचारण्याआधीच हिशोब फलकावर लावा. मी प्राथमिक शिक्षिका आहे. गणितात नुसतं उत्तर लिहून चालत नाही, रीतही दाखवावी लागते, असं आपण मुलांना रोज सांगतो. तोच नियम शाळेलाही लागू आहे.