वाटीला विचारलेले प्रश्न

सोमवार, 18 ऑगस्ट 2025. अकोले तालुका

वसतिगृहात दहावीच्या मुली रात्री प्लँचेट करतात, हे आज कळलं. एक मुलगी झोपेत किंचाळत उठली आणि सकाळपर्यंत आणखी दोघींच्या 'अंगात' आलं. गादीखाली तक्ता सापडला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर स्केचपेननं मुळाक्षरं, एका कोपऱ्यात 'हो', समोरच्या कोपऱ्यात 'नाही'. मध्ये मेणाचे थेंब.

मंगळवार, 19 ऑगस्ट

किंचाळलेल्या मुलीचे वडील नारायणगावला मजुरीला, म्हणून तिच्या आजी आल्या. "बाई, पोळ्याची अमावस्या तोंडावर आली. देवऋषाकडं नेते, धुरी दिली की उतरंल."

"आजी, मिरचीची धुरी देणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे."

"मंग पोरीचं काय करायचं, ते तुमीच सांगा."

रास्त प्रश्न. कायदा देवऋषाला अडवतो. पोरीला झोप कुठून आणायची?

बुधवार, 20 ऑगस्ट

अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनाला आज 12 वर्षं झाली. भाषण टाळलं. भरदुपारी वर्गात तोच तक्ता मांडला. मुलींनी पालथ्या वाटीवर बोटं ठेवली, वाटी सरकली. मग ओढण्यांनी त्यांचे डोळे बांधले आणि तक्ता गुपचूप उलटा फिरवला. वाटी जुन्या 'हो'च्या जागी गेली. तिथं आता 'नाही' होतं! वर्गात हशा पिकला. मुद्दाम कुणी ढकलत नाही, बोटं नकळत जोर लावतात. सरकणाऱ्या टेबलांचं हेच गूढ मायकल फॅरेडेनं 1853 मध्ये उकललं होतं, तेही सांगितलं.

किंचाळणारी मुलगी मात्र हसली नाही.

गुरुवार, 21 ऑगस्ट

आज ती बोलली. आई उन्हाळ्यात गेली. "आई माझ्यावर रागावलीय का?" एवढंच तिनं वाटीला विचारलं होतं. वाटी 'हो'वर थांबली. तेव्हापासून जेवण नाही, झोप नाही. बाकीच्यांनी विचारलेलं: बाबांची दारू कधी सुटेल? दहावीनंतर शिकवतील की लग्न लावतील?

आजींसमोर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, 14416 वर फोन लावला. पलीकडच्या ताई मराठीत बोलल्या, झोपेबद्दल, जेवणाबद्दल, मग आईबद्दल. मुलगी पुष्कळ रडली. तिला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं ठरलं. आजी सोबत येणार आहेत.

शिक्षकमित्रांनो, तक्ता जरूर जप्त करा. पण तो फाडण्याआधी पोरींनी त्याला काय विचारलं होतं, ते एकेकीला जवळ बसवून ऐका.