मुंब्र्याचा तपासनीस

आमचे दादा सायंकाळी डोंबिवलीच्या फडके रोडवरून फेरफटका मारून घरी परतले की त्या दिवशी दृष्टीस पडलेल्या एखाद्या फलकाचे छायाचित्र मला धाडतात, आणि खाली सहसा एक अक्षरही लिहीत नाहीत. परंतु गेल्या आठवड्यातला फलक एका रोगनिदान प्रयोगशाळेचा होता, त्यावर सणानिमित्त निम्म्या किमतीत ‘फुल बॉडी चेकअप’ करून देण्याचा वायदा होता, चाचण्यांच्या लांबलचक यादीच्या तळाशी ‘कॅन्सर मार्कर सीईए’ अशी ओळ होती, आणि या वेळी मात्र दादांनी खाली लिहिले होते : ‘तुझ्या सरकारने तुला काय दिले, तर एक प्लास्टिकची काडी.’ वाक्य खरे होते. म्हणूनच ते मला लागले.

मी राहतो त्या इंग्लंडातील कॉव्हेंट्रीत ५० ते ७४ वर्षे वयाच्या प्रत्येक माणसास, त्याने अर्ज केलेला असो वा नसो, दर दोन वर्षांनी टपालाने एक संच येतो. त्यात बोटभर लांबीची एक बाटली, तिच्या झाकणास जोडलेली बारीक खाचांची काडी आणि तिकीट न लावता परत धाडावयाचा लखोटा असतो. खाचा भरतील एवढाच शौचाचा अंश काडीवर घेऊन ती बाटलीत खुपसावयाची व लखोटा चौकातल्या लाल टपालपेटीत टाकून मोकळे व्हावयाचे. पुढे त्याची रवानगी जवळच्याच रग्बी गावी होते आणि आतड्याच्या कर्करोगाची चाहूल देणारे, डोळ्यांस न दिसणारे रक्त त्यात आहे किंवा कसे, हे तेथे पाहिले जाते. जून २०१९ पूर्वी हीच चाचणी ग्वायॅक नावाच्या झाडाच्या राळेवर चाले. तीन वेळचे नमुने पुठ्ठ्याच्या पट्टीने फासावे लागत, आणि त्या राळेस माणसाचे रक्त, ताटातल्या बोकडाचे रक्त व मुळ्यातील एक द्रव्य यांतील भेद कळत नसे. आताची चाचणी केवळ मानवी हिमोग्लोबिन ओळखते, त्यामुळे मुळ्याची कोशिंबीर निर्दोष सुटली. या कामी आमचे शहर अग्रेसर आहे, हे सांगण्यास मला संकोच वाटत नाही : इंग्लंडातील पहिला प्रायोगिक कार्यक्रम २००० साली येथे व भोवतालच्या वॉरिकशायर परगण्यात सुरू झाला आणि २००६ पासून तो देशभर पसरला.

या काडीस आधार कशाचा, असे दादा विचारतील. नॉटिंगहॅमच्या आसपास राहणाऱ्या सुमारे दीड लाख माणसांचे चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट करण्यात आले, एकास ती जुनी राळेची चाचणी देऊ केली, दुसऱ्यास तशीच राहू दिली, आणि सरासरी आठ वर्षांच्या अवधीचा जो हिशेब १९९६ साली प्रसिद्ध झाला त्यात आतड्याच्या कर्करोगाने पहिल्या गटातील ३६० व दुसऱ्या गटातील ४२० माणसे दगावल्याचे आढळले. हे पंधरा टक्क्यांचे श्रेय छापील पत्रकात शोभून दिसते. हेच श्रेय दर साडेबाराशे माणसांमागे टळलेल्या एका मृत्यूच्या रूपाने मांडले तर शोभा उणावते, मात्र खरेपणा तितकाच राहतो. सर्व कारणांनी झालेले एकूण मृत्यू दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच भरले, ही गोष्टही त्याच हिशेबात आहे.

मेलेली माणसे मोजण्याचा हा अमंगळ खटाटोप कशासाठी, चाचणीत रोग सापडलेले लोक अधिक वर्षे जगतात एवढे दाखविले म्हणजे पुरे नाही काय, असा प्रश्न पुष्कळ शहाणी माणसे विचारतात. आणि त्याचे उत्तर कल्याण-ठाणे लोहमार्गावर वाढलेल्या माणसास जितके सहज उमजेल तितके येथील डॉक्टरांसही उमजत नसावे, अशी माझी समजूत आहे. आमच्या काळी जलद लोकल दिवा मागे टाकून पारसिकच्या बोगद्यात शिरे ती एकदम ठाण्याच्या अलीकडे उजेडात येई. १९१६ साली खुल्या झालेल्या त्या बोगद्याच्या कृपेने मुंब्रा आणि कळवा ही स्टेशने तिच्या वाटेवरच नसत. (२०२२ मध्ये नवे रूळ पडल्यावर जलद लोकल मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या व बोगदा लांब पल्ल्याच्या गाड्यांकडे गेला, पण मी देश सोडला तेव्हाच्या रेल्वेवरच माझा विचार चालतो.) आता मुंब्र्याच्या फलाटावर एक तपासनीस नेमून त्यास थांबलेल्या गाड्यांची नोंद करण्यास फर्मावले, तर त्याच्या दप्तरात एकजात धीम्या गाड्याच येतील, आणि मध्य रेल्वेच्या गाड्या स्वभावतःच सावकाश असून फलाट दिसताच थांबतात, असा प्रामाणिक अहवाल तो वर धाडील. दोन वर्षांनी एकदा येणारा लखोटा हा असाच तपासनीस होय : सावकाश वाढणाऱ्या गाठी त्याच्या हाती लागतात, आणि वेगाने वाढणाऱ्या दोन लखोट्यांच्या मधल्या काळात बोगद्यातून निघून जातात. शिवाय झोपलेल्या उतारूस मुंब्र्याला जाग आली काय आणि कळव्याला आली काय, ठाणे यायचे तेव्हाच येते. मुंब्र्याला जागा झालेला उतारू प्रवास अधिक वेळ अनुभवतो, एवढेच. आणि धीम्या गाड्यांतली एखादी तर कळव्याच्या कारशेडात जाऊन उभी राहणार असते, ती ठाण्यास कधीच पोचणार नसते. पण तपासनीस तिचीही नोंद करतो, आणि ज्याच्या नावे नोंद होते त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया होते. उपमा लांबली हे मला दिसते. तथापि सापडलेले किती जगले हे न मोजता, बोलावलेल्या व न बोलावलेल्या सर्वांत मिळून किती मेले हे नॉटिंगहॅमकरांनी का मोजले, ते याहून थोडक्यात सांगणे मला जमणार नाही.

रक्त किती सापडले म्हणजे संशय घ्यावा, ही मर्यादाही विज्ञानाने एकट्याने ठरविलेली नाही. स्कॉटलंडने २०१७ साली ही चाचणी सुरू करताना दर ग्रॅममागे ८० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली, इंग्लंडने २०१९ साली १२०. म्हणजे १०० मायक्रोग्रॅमचा नमुना देणारा गृहस्थ कार्लाइलला निरोगी असे आणि सरहद्द ओलांडताच संशयित होई. यामागे कोलोनोस्कोपी करणाऱ्या हातांची टंचाई होती. मर्यादा उतरवावी तितके अधिक लोक बोलवावे लागतात, आणि दुर्बीण घालणारे कुशल लोक सरकारी हुकमाने रातोरात निर्माण होत नाहीत. मर्यादा खाली आणण्याच्या गोष्टी पुढे इंग्लंडातही निघाल्या, आणि ते योग्यच झाले.

कोलोनोस्कोपीचे बोलावणे शंभरांत साधारण दोघांना येते. त्या दोघांचे दिवस मात्र कठीण जातात : पत्र, धास्ती, आतडी रिकामी करणारे औषध, मग ती दुर्बीण, आणि इतके होऊन कर्करोग दहांतल्या एकासही निघत नाही, पुष्कळांत पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरच्या लहान गाठी, निघतात. बहुतेक पॉलिपांपासून कधीच काही झाले नसते, पण कोणत्यापासून झाले असते हे सांगता येत नसल्यामुळे सरसकट सगळे काढून टाकावे लागतात. आतड्यास छिद्र पडण्याचा धोका हजारांत एकाहून कमी आहे. कमी असला तरी तो धडधाकट, कोणतीही तक्रार नसलेल्या माणसाने पत्करलेला असतो, आणि आजाऱ्यास दिलेल्या औषधाचा न्याय येथे लागू करता येत नाही.

तर डोंबिवलीने हीच काडी मागवावी काय? माझ्या मते, नाही. आतड्याचा कर्करोग ब्रिटनमध्ये वर्षास लाखामागे तिसाहून अधिकांना होतो, भारतात पाचांच्या आसपास; रोग जितका विरळ तितका तपासनिसाचा खोटा गलबला अधिक, आणि ज्या प्रदेशात मूळव्याध घरोघरी व जंत गावोगावी, तेथे शौचात रक्त सापडण्यास कारणे हवी तितकी. सरकारने २०१६ साली तिशीवरील लोकांसाठी जो तपासणीचा आराखडा काढला त्यात मुख, स्तन व गर्भाशयमुख हे तीनच कर्करोग घेतले, ते मला दूरदृष्टीचे वाटते. गर्भाशयमुखाच्या बाबतीत तर टाटा रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांवर नॉटिंगहॅमच्याच धर्तीचा प्रयोग केला, आणि साध्या शिक्षणाच्या आरोग्यसेविकांनी पातळ शिरक्याचा बोळा लावून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटविले. वहिनींची ती तपासणी झाली आहे काय, असे मी दादांस विचारले. उत्तर आलेले नाही.

फलकावरील सीईए ही मुळी धडधाकट माणसाची चाचणीच नव्हे. रोग निश्चित झाल्यावर उपचारांचा पाठपुरावा करण्यास ती उपयोगी पडते. आरंभीच्या कर्करोगात ती वारंवार प्राकृत येते आणि कर्करोग नसलेल्या धूम्रपान करणाऱ्यांत वाढलेली दिसते. खोटा दिलासा आणि खोटी भीती एकाच बाटलीत, तीही अर्ध्या किमतीत! मला खरी चिंता वाटते ती रुळांकडेच्या भिंतींवर रंगविलेल्या ‘मूळव्याध-भगंदर, शस्त्रक्रियेविना’ या जाहिरातींची, कारण कर्करोगाचे रक्तही मूळव्याधीचे समजून माणूस तेथे जातो. टाटा रुग्णालयात आतड्याच्या कर्करोगाचे जे रुग्ण येतात त्यांत पन्नाशीच्या आतले पुष्कळ असतात. ज्यास रक्त दिसते, ज्याची शौचाची सवय महिनोन् महिने बदललेली आहे, वजन उतरते आहे, त्याने चाळणी चाचण्यांचा हा सारा काथ्याकूट बाजूस ठेवून, भिंतीवरचा पत्ता न शोधता, थेट शल्यचिकित्सकाकडे जावे.

इथे मात्र मी काडी परत धाडतो. भारतीय वंशाच्या लोकांत हा रोग गोऱ्यांहून कमी, तेव्हा माझा लाभ नॉटिंगहॅमच्या आकड्याहून थोडा हे ठाऊक असूनही धाडतो. आमच्या शहरातील पहिल्याच कार्यक्रमात दक्षिण आशियाई घरांतून परत आलेल्या संचांचे प्रमाण इतरांहून पुष्कळ कमी भरले होते, आणि गणपतीत जेवणे आटोपल्यावर पुरुषमंडळींत चौकशी केली असता कारण धोक्यालाभाच्या हिशेबात नसून निराळेच निघते : नमुना घ्यावा कसा, हेच कोणास ठाऊक नसते. विलायती भांड्यात सगळे थेट पाण्यात जाते, आणि पाण्यात पडलेला नमुना चालत नाही. त्यासाठी एक रुंद तोंडाचा, टाकून द्यावयाचा प्लास्टिकचा डबा आधी धरावा. आमच्याकडे श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यावरून झालेला वाद लक्षात घेता, दह्याचा घ्यावा. घरात आजारी माणसासाठीचे बेडपॅन असेल तर उत्तमच. काडी निरनिराळ्या जागी फिरवावी, खाचा भरल्या की थांबावे. अधिक घेतल्याने रग्बीची मंडळी अधिक खूश होत नाहीत. झाकण कट्कन वाजेपर्यंत दाबावे, मग उघडू नये. बाटलीवर तारीख घालावी, त्याच दिवशी पेटीत टाकावी. तारीख नसेल तर रग्बीत ती बाटली तपासत नाहीत, नवा संच पाठवितात, आणि डब्याची तजवीज पुन्हा करावी लागते.