पॅराशूट नव्हतं का?

निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात विमानाचं कोणाला अप्रूप नाही. ओझरचा कारखाना १९६४ सालचा. आधी मिग, आता सुखोई. आवाज आला म्हणून मान वर करायची सवय आमच्या वडिलांच्या पिढीतच मोडली. पण ४ जून २०२४ला लोकसभेच्या मतमोजणीचा टीव्ही सोडून माणसं शिरसगावकडे पळाली. सुखोई शेतात कोसळलं होतं. दोन्ही वैमानिक सीटसकट बाहेर फेकले गेले, पॅराशूटने उतरले, वाचले. तेव्हापासून मी माझ्या अपघाताचं सांगायला लागलो की पहिला प्रश्न ठरलेला: "भाऊ, तुम्हाला पॅराशूट नव्हतं का?"

नव्हतं. सेसना १५२ म्हणजे दोन माणसांचं, भरून साडेसातशे किलोचं विमान; एकशे दहा अश्वशक्तीचं एकच इंजिन. आणि मी होतो पाचशे फुटांवर. पाठीला पॅराशूट असतं तरी दार उघडेपर्यंत जमीन आली असती.

फ्लाइंग स्कूल नाशिकबाहेरचं होतं, मी सोलोवर होतो. बेस लेगवर, म्हणजे उतरण्याआधीच्या आडव्या टप्प्यात, धावपट्टी डावीकडे दिसत होती; फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या रेषेत, वळायचं बाकी होतं. उंची कमी वाटली म्हणून थ्रॉटल पुढे दिलं. इंजिन खोकलं, अख्खं पॅनेल थरथरलं आणि आरपीएमचा काटा घसरला. थोड्या वेळाने पंखा फिरत होता तो नुसत्या वाऱ्यावर.

अशा वेळी हात आपोआप नाक वर ओढायला जातो. तसं केलं की वेग जातो, विमान स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचलच जाते, आणि एवढ्या उंचीवर सावरायला जागा नसते. म्हणून नाक खाली, वेग साठ नॉट. जमीन अंगावर येत असताना नाक आणखी खाली करायचं हे मनाला पटत नाही. इन्स्ट्रक्टरने ओरडून ओरडून भिनवलेलं असतं म्हणून होतं. या वेगाला हजार फुटांमागे साधारण दीड नॉटिकल मैल जाता येतं. माझ्याकडे त्याच्या निम्मं, आणि धावपट्टीच्या अलीकडे विजेच्या तारा. धावपट्टीचा नाद सोडला. समोर कांदा काढून नांगरलेलं वावर होतं. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते आधी, मग पेट्रोल बंद, मास्टर स्विच बंद, आणि दाराची कडी सोडलेली, नाहीतर आदळल्यावर दार अडकतं.

मागची चाकं टेकली, पुढचं सरीत रुतलं आणि शेपूट वर गेली. मी पट्ट्यावर लटकलेला, नाकात पेट्रोलचा वास. हनुवटीला टाके पडले, एवढंच. वावराचे मालक पळत आले. "एकटाच हायेस ना रे? आत अजून कोणी?" मला बांधावर बसवून पाणी दिलं, आणि पंचनामा होईपर्यंत विमानाला कोणाला हात लावू दिला नाही. पुढे चौकशीत एका सिलिंडरचा व्हॉल्व्ह अडकल्याचं निघालं.

२५ जुलै २०२२ला इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला बारामतीहून सोलोवर निघालेली बावीस वर्षांची मुलगी शेतात उतरली. तेच सेसना १५२, तशीच इंजिनाची ताकद गेलेली, जखमांवर निभावलं. सरावात इन्स्ट्रक्टर थ्रॉटल बंद करतात, शेत निवडायला लावतात आणि जमीन जवळ आली की पुन्हा पॉवर देऊन वर नेतात. ढेकळांत चाक टेकवण्याचा भाग कोणी शिकवत नाही, शिकवणार तरी कसा? वाऱ्यामुळे मी सऱ्यांना आडवा गेलो होतो. ती मुलगी कधी भेटली तर विचारायचंय: तू आडवी गेलीस की सरीच्या रेषेने?