भोपाळात जेवावे कोठे?

आमच्या पुण्याच्या भाचीच्या मुलीचे लग्न मागील वैशाखात झाले. ती आणि जावईबापू दोन दिवसांसाठी इकडे यावयाचे आहेत. सांचीचे स्तूप पाहावयाचे, भीमबेटकाची गुंफाचित्रे पाहावयाची, आणि मधल्या वेळात भोपाळ शहर. तिचा निरोप आला तो असा : "आजोबा, भोपाळात जेवायचं कुठे ते नीट लिहून ठेवा. आणि हो, मराठी जेवण मिळतं का हो तिकडे?"

प्रश्न साधा होता. १९५६ पासून ज्यांनी या शहराचे पाणी प्यायले त्यांना अशी यादी करावयास कितीसा वेळ लागणार? आम्ही मोठ्या उत्साहाने कागद पुढे ओढला. परंतु तीन दिवस झाले तरी ती यादी पुरी होईना. ती का होईना, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

आमचे मूळ नागपूरचे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेले आणि नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळास आली. राजधानीमागोमाग फायली आल्या आणि फायलींमागोमाग कारकून. त्यांपैकी एक आमचे वडील. आम्ही तेव्हा आठ वर्षांचे होतो. इटारसीवरून आगगाडीने येताना बरोबर दोन ट्रंका, एक पाटा-वरवंटा आणि भिवापुरी मिरच्यांची एक गोणी होती, हे आम्हांस पक्के स्मरते. इतिहासाचा विनोद पाहा : १८१२-१३ साली नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजांनी याच शहरास वेढा घालून आतील माणसांचे अन्नपाणी तोडले होते. शहर काही हाती आले नाही, वेढा उठवून फौजा परत गेल्या. त्यानंतर सुमारे दीडशे वर्षांनी नागपूरकर पुन्हा आले ते मिरच्या घेऊन! आणि राहावयास मिळाले ते तात्या टोपे नगर. निदान नाव तरी ओळखीचे होते.

वडिलांचा दंडक असा की बाहेरचे खावयाचे नाही. आईचे स्वयंपाकघर सोवळ्यात. भोपाळात राहूनही आमच्या ताटात गोळाभात, पाटवडीचा रस्सा आणि सांडग्यांची भाजीच असे. हिंदीचा आणि आईचा संबंध वाण्याच्या दुकानापुरताच होता, आणि तोही कठीणच. पहिल्याच आठवड्यात तिने वाण्याकडे "मीठ" मागितले. त्याला वाटले बाईंना काही "मीठा" हवे. त्याने गुळाची ढेप पुढे केली. आई संतापली, वाणी गोंधळला. शेवटी आम्ही मिठाच्या पोत्याकडे बोट दाखवून तंटा मिटविला. या दोन शब्दांनी पुढे आमच्या घराशी आणखी एकदा खेळ केला. तो ओघाने येईलच.

आता यादीकडे वळू. सकाळची न्याहारी पोहे आणि जिलबी. पुण्याच्या कन्येस येथे पहिला धक्का बसेल, कारण हे पोहे तिच्या घरचे नव्हेत. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेने गरम ठेवलेले, बडीशेपेचा वास असलेले, किंचित गोडसर पोहे, वर कांदा आणि मूठभर शेव, आणि शेजारी कढईतून नुकतीच काढलेली जिलबी. ओले खोबरे शोधू नये. पीर गेट, न्यू मार्केट, दहा नंबर, कोठेही सकाळी सात वाजता जावे. जेथे उभे राहून खाणाऱ्यांची गर्दी असेल ते दुकान चांगले समजावे.

मग जुन्या शहरात शिरावे. १८१९ पासून १९२६ पर्यंत या संस्थानावर ओळीने चार बेगमांनी राज्य केले. चौकातील जामा मशीद कुदसिया बेगमेने बांधविली, तर मोती मशीद तिची कन्या सिकंदर बेगम हिने. या दोन मशिदींच्या आसपासच्या गल्ल्यांत नमकवाला चहा मिळतो. तो बराच वेळ आटवतात आणि त्यात साखरेबरोबर चिमूटभर मीठही घालतात. पहिला घोट घेताच तोंड वाकडे होते, परंतु दुसऱ्या कपास माणूस आपणहून हात पुढे करतो. संध्याकाळी इब्राहीमपुऱ्याजवळची चटोरी गल्ली गाठावी. जावईबापू सामिष खाणारे आहेत, त्यांची तेथे चंगळ होईल. कबाब, बिर्याणी, आणि दही, कोथिंबीर व हिरवी मिरची घालून केलेला हिरवट रंगाचा रिजाला, जो भोपाळची खूणच मानला जातो. आम्ही स्वतः ते खात नाही. पण वासावरून बरेवाईट सांगण्याइतके त्या गल्लीतून हिंडलो आहोत. गोड खावयाचे तर हमीदिया रस्त्यावर मनोहर डेअरीत मावाबाटी मागावी. गुलाबजामाचे हे थोरले भावंड आहे, पोटात सुका मेवा भरलेले. दोघांत एकच घ्यावी.

नव्या शहराची चव निराळी. न्यू मार्केटात इंडियन कॉफी हाऊस आहे. १९५० च्या दशकात कॉफी बोर्डाने आपली कॉफीगृहे बंद करावयास घेतली तेव्हा कामगारांनी सहकारी संस्था काढून ती स्वतः चालविली, त्या परिवारातील हे. डोक्यास तुरेदार फेटा बांधलेला वाढपी, कटलेट आणि कडू कॉफी. वडिलांनी दंडक मोडला तो प्रथम येथे, आणि तोही "कॉफी म्हणजे काही जेवण नव्हे" अशी पळवाट काढून. पलीकडे पिपलानी-बरखेड्याची हेवी इलेक्ट्रिकल्सची वसाहत. १९५६ सालीच स्थापन झालेल्या या कारखान्याने केरळ, तमिळनाडू, बंगाल अशा सर्व दिशांची माणसे आणली, आणि त्यांच्या मागून इडली आली, माशाचे कालवणही आले. बैरागढास, म्हणजे आजच्या संत हिरदाराम नगरात, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी नवी घरे केली. सकाळी तेथे दालपकवान खावे. आणि एक दुपार माळव्याच्या दालबाफल्यासाठी राखून ठेवावी. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग निखाऱ्यावर भाजतात, म्हणून तो बाफला. न उकडता भाजली ती बाटी. तुपात बुडविलेला बाफला खाऊन झाल्यावर त्या दुपारी दुसरा कोणताही बेत ठेवू नये.

इतके सहज लिहून झाले. मग आला शेवटचा प्रश्न, मराठी जेवण कोठे, आणि लेखणी थांबली. गणेशोत्सवात मंडळाच्या आनंदमेळ्यात झुणका-भाकर मिळते, पुरणपोळी मिळते. पण ती वर्षातून काही दिवस. एरवी उत्तर एकच : घरी. आणि "घरी" हा शब्द लिहिताच आम्हांस एक डबा आठवला.

तो १९६० च्या सुमाराचा. शाळेत आमचा एक मित्र होता, काझी कॅम्पात राहणारा. ईदेच्या दिवशी तो सायकलवरून फडक्यात बांधलेला पितळी डबा घेऊन आमच्या दारात उभा राहिला. आईने तो हसून घेतला. मित्राची पाठ वळताच तो न उघडता मागच्या पडवीत ठेवला गेला आणि संध्याकाळी भांडी घासणाऱ्या बाईच्या हाती गेला. दुसऱ्या दिवशी डबा राखेने लख्ख घासून परत आला. रिकामे भांडे परत करू नये म्हणून आईने त्यात साखर घातली आणि आमच्या हाती दिला. आईस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाही. ती ज्या घरात वाढली त्या घरचे ते वळण होते.

शाळेत मित्राने विचारले, "अम्मी पूछ रही थीं, कैसा लगा?" ईदेचा डबा म्हणजे शीरखुर्माच असणार, अशा ठाम समजुतीने आम्ही सांगितले, "बहुत मीठा था."

तो क्षणभर आमच्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "हाँ, अम्मी मीठा ज़्यादा डालती हैं." आणि विषय संपला.

त्या डब्यात दहीवडे होते, हे आम्हांस पुढे आठवड्याने भांडीवालीकडून कळले. आमच्या घरी चालेल असे काही असावे म्हणून त्या माउलीने शेवया बाजूला ठेवून नवी भांडी काढून दहीवडे केले होते, हे तर त्याहूनही पुढे कळले. मित्राने घरी काय सांगितले ते आम्ही कधी विचारले नाही. मैत्री टिकली, नोकऱ्या लागल्या, लग्ने झाली, परंतु ईदेचा डबा पुन्हा आला नाही. आम्हीही क्षमा मागितली नाही. चोवीस वर्षे आज मागू, उद्या मागू असे चालले होते.

२ डिसेंबर १९८४ च्या रात्री काय झाले हे भारतात कोणास सांगावयास नको. कीटकनाशकांच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायू सुटला, आणि जुन्या शहरातील हजारो माणसे झोपेतून उठून धावता धावता पडली. वडील तोवर निवृत्त होऊन आम्ही अरेरा कॉलनीत आलो होतो. वाऱ्याने त्या रात्री आमचा भाग वगळला. पहाटे दार वाजले. दारात मित्र, त्याची पत्नी, दोन मुले आणि त्याची अम्मी. काही वाट पायी, काही एका ट्रकवर बसून ती मंडळी आली होती. डोळे उघडत नव्हते, श्वास पुरत नव्हता.

आई पुढे झाली. काही विचारले नाही. डिसेंबरची थंडी, घरात ऊब काय ती स्वयंपाकघरात. तिने आपली चटई तेथेच चुलीशेजारी अंथरली आणि अम्मींना त्यावर निजविले. घसा भाजलेल्या माणसाला तिखट कसे चालणार? तिने मुगाचे कढण केले, आसट भात केला, त्यावर तूप आणि किंचित मेतकूट घातले आणि स्वतः चमच्याने भरविला. सोवळ्याचा शब्द त्या दिवशी कोणी काढला नाही, आणि त्यानंतरही तो आमच्या घरात फारसा ऐकू आला नाही. १६ डिसेंबरला कारखान्यातील उरलेला साठा संपविण्याचे काम सुरू झाले तेव्हा भीतीने निम्मे शहर बाहेरगावी निघाले होते. मित्राचे कुटुंब ते काम संपेपर्यंत आमच्याकडेच होते. रोज तेच कढण आणि तोच भात. धाकटा मुलगा तर मेतकुटाला "पीलावाला" म्हणू लागला आणि मागून मागून खाऊ लागला.

पुढल्या जूनमध्ये ईद आली. सकाळी मित्र दारात, आणि हाती तोच पितळी डबा. या वेळी आईने तो पडवीत नेला नाही. बैठकीतच फडके सोडले, झाकण काढले. आत दहीवडे. तिने एक बशीत घेतला आणि सर्वांसमक्ष खाल्ला. वडिलांनी न बोलता आपली बशी पुढे केली. आमची मान खाली गेली होती. मित्राने आमच्या खांद्यावर हात ठेवला आणि आईकडे पाहून, पण आम्हांस ऐकू जाईल अशा बेताने विचारले,

"क्यों आई, मीठा है ना?"

आईने दुसरा घास घेत घेत उत्तर दिले, "हो रे बाबा, मीठ अगदी बेताचं आहे."

तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली. तो खोकला पुढे कायमचा त्याच्या छातीत राहिला आणि २००३ साली त्याला घेऊन गेला. आई त्याच्या आधी गेली, अम्मी तिच्याही आधी. क्षमा आम्ही मागितलीच नाही; त्याने ती मागू दिली नाही, असे म्हणणे अधिक खरे. ईदेचा डबा मात्र आजही येतो, आता त्याची सून पाठविते. दिवाळीला आमच्याकडून त्यात अनारसे आणि मेतकुटाची पुडी जाते. धाकटा मुलगा स्वतः बाप झाला, तरी "पीलावाला" विसरलेला नाही.

तेव्हा यादी पुरी झाली ती अशी. पहिल्या दिवशी न्याहारी पीर गेटला, दुपारी दालबाफला, संध्याकाळी चटोरी गल्ली आणि मावाबाटी. दुसऱ्या दिवशी सकाळी बैरागढ, मग न्यू मार्केटात कॉफी. दुपारी मराठी जेवण आमच्या घरी. आमच्या सौभाग्यवतींनी गोळाभाताचे नक्की केले आहे. आणि रात्री काझी कॅम्पात मित्राच्या घरी. तिकडे निरोप गेला आहे. सूनबाईंचा उलट निरोप आला, "मेहमान मीठा खाएँगे या नमकीन?" आम्ही कळविले की या घरचे दहीवडे असतील तर दोन्ही चालेल.