घरी कोणती भाषा बोलता?

परीक्षा देणे कठीण आणि घेणे सोपे, असा सर्वसाधारण समज आहे. मध्यप्रदेश शासनाच्या सेवेत आमची जी वर्षे गेली, त्यांत मतदान दलांचे आणि जनगणनेच्या प्रगणकांचे प्रशिक्षण हे काम आमच्या वाट्याला वारंवार आले. त्यामुळे हा समज आमच्यापुरता केव्हाच पुसला गेला होता. उत्तर देणाऱ्याला फक्त आपल्यापुरते पाहायचे असते. विचारणाऱ्याला मात्र आपले मत, आपली घाई आणि आपला चांगुलपणासुद्धा बाजूला ठेवून बसावे लागते. यातला चांगुलपणा बाजूला ठेवणे किती अवघड आहे, हे आम्हांला निवृत्तीनंतर, घरापासून फार दूर पाहायला मिळाले.

२०२३ च्या जानेवारीपासून जूनपर्यंत आम्ही उभयता चिरंजिवांकडे कॅलिफोर्नियात होतो. सूनबाई तेथील एका सरकारी शाळेत शिक्षकांच्या मदतनीस म्हणून नुकत्याच लागल्या होत्या. त्या शाळेत, इंग्रजी ही घरची भाषा नसलेल्या मुलांची इंग्रजीची परीक्षा घेण्यासाठी काही कर्मचारी तयार करायचे होते आणि त्यांत सूनबाईंचे नाव आले. या परीक्षेचे लांबलचक नाव ‘इंग्लिश लँग्वेज प्रोफिशियन्सी असेसमेंट्स फॉर कॅलिफोर्निया’ असे असून सगळे तिला ‘एल्पॅक’ म्हणतात. पूर्वीच्या ‘सेल्डट’ या परीक्षेच्या जागी ती २०१८ पासून आली. मूल शाळेत नव्याने आले की तीस दिवसांच्या आत पहिली परीक्षा होते. तीत मूल ‘इंग्रजी शिकणारे’ ठरले, तर पुढे दरवर्षी फेब्रुवारी ते मे या काळात वार्षिक परीक्षा होत राहते. ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे ही तिची चार अंगे. त्या राज्यात २०२२-२३ या शालेय वर्षात अशी सुमारे अकरा लाख मुले होती आणि त्यांतील बहुसंख्यांची घरची भाषा स्पॅनिश होती.

एवढा खटाटोप कशासाठी, असे आम्हीही प्रथम विचारले. त्याच्या मुळाशी एक न्यायालयीन निकाल आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांतील चिनी वंशाच्या सुमारे १८०० मुलांना इंग्रजी येत नव्हते आणि ते शिकवण्याची वेगळी सोयही नव्हती. शाळेचे म्हणणे असे की, सर्वांना तेच शिक्षक, तीच पुस्तके आणि तेच वर्ग दिले आहेत. मग अन्याय कसला? ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ च्या जानेवारीत हे म्हणणे अमान्य केले. जे मूल शिकवण्याची भाषाच समजू शकत नाही, त्याच्यापुढे तेच पुस्तक ठेवल्याने समानता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. मग साह्य कोणाला हवे, हे ठरवणे ओघानेच आले. २००२ च्या संघीय कायद्याने अशा मुलांची वार्षिक परीक्षा सक्तीची केली आणि २०१५ च्या कायद्याने ती चालू ठेवली.

प्रशिक्षणाची रचना पाहून आम्हांला आपल्या निवडणुकांची आठवण झाली. आपल्याकडे मास्टर ट्रेनर आधी शिकतात आणि मग मतदान दलांना शिकवतात. तिकडेही राज्याच्या वतीने सॅक्रामेंटो परगण्याचे शिक्षण कार्यालय जिल्ह्याजिल्ह्याच्या प्रतिनिधींना शिकवते आणि ते आपापल्या शाळांतील माणसांना तयार करतात. प्रत्येक परीक्षकाला गोपनीयतेच्या प्रतिज्ञापत्रावर सही करावी लागते. सूनबाईंनी त्या सहीचा मान इतका राखला की, खऱ्या परीक्षेतील एक शब्दही घरात कधी उच्चारला गेला नाही. आम्ही पाहिले ते सर्वांसाठी खुले असलेले सरावाचे साहित्य आणि त्यांची घरातली तयारी.

बोलण्याची परीक्षा सर्व इयत्तांत एकेका मुलाला समोर बसवून होते, आणि गुण तिथल्या तिथे द्यावे लागतात. परीक्षकाने काय बोलायचे ते पुस्तिकेत छापलेले असते आणि ते अक्षरशः तसेच वाचायचे असते. प्रश्न पुन्हा कधी सांगायचा, मूल अडखळले तर कोणत्या शब्दांत पुढे न्यायचे, हेही ठरलेले असते. उत्तर बरोबर आले म्हणून मान डोलवायची नाही आणि चुकले म्हणून भुवई उंचवायची नाही. मुलाला धीर जरूर द्यावा, परंतु त्यातून उत्तराचा सुगावा लागता कामा नये. गुण कसे द्यायचे यासाठी आधी नमुन्याची उत्तरे ऐकवतात, त्यांना अमुक गुण का दिले ते सांगतात. मग प्रशिक्षणार्थीने नवी उत्तरे ऐकून स्वतः गुण द्यायचे आणि ते ठरलेल्या गुणांशी जुळतात का ते पाहायचे. शंभर शाळांतील शंभर माणसांनी एकाच उत्तराला एकच गुण द्यावा, हा यामागील हेतू.

एका रविवारी सूनबाईंनी सरावासाठी आमच्या सौ.ना परीक्षार्थी केले. स्वतः काढलेल्या चार चित्रांची एक गोष्ट त्यांनी इंग्रजीत वाचून दाखवली आणि ती परत सांगायला सांगितली. एक मुलगी झाडाला पाणी घालते, झाड वाढते, त्यावर पक्षी येतो, इतकीच ती गोष्ट. सौ.चे शिक्षण मराठी आणि हिंदीतून झालेले. त्यांनी धीटपणे सुरुवात केली. ‘गर्ल’ झाली, ‘ट्री’ झाले, झारीपाशी गाडी अडली. तेव्हा हाताने पाणी घातल्याचा अभिनय करून, ‘झारी, यू नो, झारी’ असे म्हणून त्या पुढे गेल्या. सूनबाई हसून ‘हं, हं’ करीत होत्या. चारपैकी तीन गुण पडले.

संध्याकाळी सूनबाईंनी ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकले आणि निकष समोर ठेवून तपासले. मग आम्हांला म्हणाल्या, “बाबा, आई काय म्हणाल्या ते मी ऐकलंच नाही. त्यांना काय म्हणायचं होतं ते ऐकलं.” त्यांनी गुण दोनवर आणले. सौ.नी तेवढ्यावरून रात्रीच्या पोळ्या लाटताना थोडी कुरकुर केली. परंतु सूनबाईंचे ते वाक्य आमच्या मनात राहिले. प्रेमाचे माणूस अपुरे वाक्य आपल्या मनाने पुरे करून घेते. घरात तो गुण आहे. परीक्षकाच्या खुर्चीत मात्र तोच मुलाच्या नुकसानीचे कारण होतो, कारण न आलेले आले असे लिहिले की मिळायचे साह्य मिळत नाही.

याची दुसरी बाजूही कठोर आहे. मूल पूर्णपणे आपल्या भाषेत उत्तर देईल, तर त्या उत्तराला शून्य द्यावे लागते. उत्तर अचूक असेल, परीक्षकाला ती भाषा कळतही असेल. तरी येथे मोजायची आहे ती इंग्रजी. “समोर मराठी मूल बसलं आणि त्यानं ‘पक्षी घरटं बांधतोय’ असं सांगितलं, तर मी काय करायचं?” असे सूनबाईंनी आम्हांला विचारले. शून्य लिहायचे, आणि ते शून्य त्या मुलाच्या बुद्धीचे नव्हे हे आपण पक्के ध्यानात ठेवायचे, याखेरीज दुसरे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

सूनबाईंना आणखी एक धास्ती होती. परीक्षकाचे इंग्रजी उच्चार आणि आघात यांवर पूर्ण प्रभुत्व हवे, अशी अट आहे. आणि त्यांचे इंग्रजी इंदूरच्या शाळा-कॉलेजातले. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या दोन्ही अक्षरांना आपल्या तोंडात एकच ‘व’ असतो. आठवडाभर त्या आरशासमोर ओठांचा चंबू करून सराव करीत होत्या आणि पाच वर्षांची आमची नात त्यांना दुरुस्त करीत होती. शाळेतील वरिष्ठ बाईंनी त्यांचे वाचन ऐकून संमती दिली. गंमत अशी की, मुलांच्या बाबतीत निकष उदार आहेत: उच्चार वेगळा असला तरी अर्थ कळण्यास अडथळा होत नसेल, तर त्याबद्दल गुण कापायचे नसतात.

हे सर्व चालू असतानाच मार्चमध्ये नातीचे नाव शाळेत घालण्याची वेळ आली. शाळा दुसरी होती, परंतु अर्ज तोच होता. त्यात घरच्या भाषेविषयी चार प्रश्न असतात. मूल प्रथम बोलू लागले ते कोणत्या भाषेत? ते घरी बहुधा कोणती भाषा बोलते? आईवडील त्याच्याशी बहुधा कोणत्या भाषेत बोलतात? आणि घरातील मोठी माणसे, म्हणजे आईवडील, आजीआजोबा वा इतर, आपसांत बहुधा कोणती भाषा बोलतात? पहिल्या तिहींपैकी एकाचेही उत्तर इंग्रजीखेरीज दुसरे असेल, तर परीक्षा होतेच. चौथ्याचे उत्तर तेवढे वेगळे असेल, तर शाळा आपल्या विवेकाने ठरवते.

चारही ठिकाणी ‘इंग्लिश’ लिहावे, असे चिरंजिवांचे मत पडले. परिचितांपैकी काहींनी तसेच केले होते. त्यांचे म्हणणे उथळ नव्हते. मुलगी बालवाडीत इंग्रजी बोलते; मग ‘इंग्रजी शिकणारी’ हा शिक्का कशाला? तो एकदा बसला की सुटायला वर्षे लागतात, दरवर्षी परीक्षा द्यावी लागते, आणि पालकांना त्यातून सूट मागता येत नाही. “बाबा, आपण घरात मराठी बोलतो ते बोलतच राहू. कागदावर कशाला?” ते म्हणाले.

सूनबाई म्हणाल्या, “दिवसभर मी दुसऱ्यांच्या मुलांसमोर खरं तेच लिहायचं शिकते आहे. आपल्या मुलीच्या अर्जावर खोटं कसं लिहू? आणि तिला वर्गात पुढे अडलं, तर का अडलं हे शाळेला कळणार कसं?”

आम्ही मध्ये पडलो नाही. घर त्यांचे, मूल त्यांचे. मात्र चौथ्या प्रश्नातील ‘आजीआजोबा’ हा शब्द वाचून आम्ही थोडा वेळ गप्प बसलो होतो. परक्या देशातल्या सरकारी अर्जात आमच्या बोलण्याची दखल होती आणि ती पुसायची की ठेवायची, हे आमच्या देखत ठरत होते. दोन दिवस घरात फारसे बोलणे झाले नाही. तिसऱ्या दिवशी चिरंजिवांनीच अर्ज भरला आणि चारही ओळींत ‘मराठी’ लिहिले.

ऑगस्टमध्ये नातीची परीक्षा झाली, तोवर आम्ही इंदूरला परतलो होतो. निकालाच्या तीन पायऱ्या असतात: नवशिकी, मध्यम, आणि इंग्रजीत आधीपासून पारंगत. नात मध्यम ठरली. चिरंजिवांचा फोनवरचा स्वर उतरलेला होता. परंतु शाळेत रोज ठराविक वेळ तिला इंग्रजीचा वेगळा पाठ मिळू लागला. आणि बोलताना जे ध्यानात येत नव्हते ते कळले, की गोष्ट क्रमाने सांगणे आणि कारण देणे येथे ती अडत होती. २०२५ च्या वसंतात वार्षिक परीक्षेत तिला चौथी, म्हणजे सर्वांत वरची पातळी मिळाली. शिक्षकांचे मत, पालकांशी विचारविनिमय आणि इतर अभ्यासातील गती हेही पाहून तो शिक्का काढण्यात आला. तरी यापुढे चार वर्षे तिच्या प्रगतीवर शाळेचे लक्ष राहणार आहे. सौ.शी ती आजही मराठीतच बोलते. ‘आजी, माझा पेन्सिल हरवला’ असे म्हणते आणि आजी तिचे लिंग दुरुस्त करते.

आता आपल्याविषयी. आमचे पूर्वज होळकरांच्या राज्यात आले आणि आमच्या पिढ्या माळव्यातच वाढल्या. २००१ आणि २०११ च्या जनगणनेत आम्ही प्रगणकांना मातृभाषेची व्याख्या समजावून देत असू: बालपणी आई मुलाशी जी भाषा बोलली ती, आई लवकर वारली असेल, तर बालपणी घरात मुख्यत्वे बोलली जाई ती. सांगणारा सांगेल तेच लिहावे, आपल्या मनाने काही ठरवू नये, असेही आम्ही बजावत असू. प्रगणक प्रायः शाळामास्तर. त्यांतला एकजण एकदा म्हणाला, “सर, घरात मराठीत हाका ऐकू येतात आणि मला हिंदी लिहा म्हणून सांगतात. मी काय करावं?” आम्ही सांगितले, सांगतील ते लिहा. नियम तोच होता आणि तोच योग्यही आहे. प्रगणकाने दुसऱ्याच्या घराची भाषा ठरवू लागणे फार वाईट.

म्हणूनच जबाबदारी सांगणाऱ्याची. हिंदी लिहून घेणाऱ्या आपल्या माणसांना लाज वाटत असे, असे नाही. बहुतेकांना त्या रकान्याचे महत्त्व वाटत नसे. परंतु प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्यघटनेत १९५६ साली ३५० अ हे कलम घातले गेले. त्याचा आधार घेऊन मराठी शाळा मागायला गेलो, तर मराठी मुले किती, हाच पहिला प्रश्न येतो. आणि आपणच हिंदी लिहवले असेल तर दाखवायला काही उरत नाही. सर्व दोष सरकारचा म्हणणे मग जड जाते.

२०२७ च्या जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली आहे. प्रगणक आपल्या दारी येईल तेव्हा बहुधा घाईत असेल, आणि आपणही असू. त्याला नीट शिकवले असेल तर तो काही सुचवणार नाही, आपण बोलेपर्यंत थांबेल. त्या वेळी दार उघडायला घरातील कोणीही जावो, सुनेने, नातवाने वा आजोबांनी त्या एका रकान्यात काय सांगायचे, हे जेवणाच्या पानावर आधीच बोलून ठेवावे, एवढीच आमची विनंती आहे.